पक्षश्रेष्ठी म्हणजे नेमकं कोण?

उदगीरच्या एका वाचकांनी विचारलंय : 'पक्षश्रेष्ठींनी उमेदवारी कापली' असं पेपरात येतं. हे श्रेष्ठी एक की अनेक? आणि शब्द 'श्रेष्ठ'वरूनच आला ना?

रूप थेट 'श्रेष्ठ'चं नाही, त्यावरूनच झालेल्या 'श्रेष्ठिन्'चं आहे. संस्कृतात श्रेष्ठी म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाचा प्रमुख, बडा सावकार. शेठ, शेट्टी, चेट्टी ही त्याचीच लेकरं. पैठण आणि तेर, म्हणजे जुनं तगर, ही सातवाहनकाळापासूनची व्यापारी गावं ज्या मुलखात आहेत, तिथं हा शब्द परका वाटू नये. पुढं पेठांचा कारभार बघणारे शेटे-महाजन आले, तेही त्याच कुळातले. राजकारणात 'हायकमांड'साठी तो रुळला, तेव्हा सावकार मागं पडला आणि 'श्रेष्ठ'चा अर्थ चिकटला.

वचनाचं म्हणाल तर 'योगी'सारखंच : एक योगी, दहा योगी. त्यात 'श्रेष्ठींनी' आदरार्थीही चालतं. त्यामुळं निर्णय एकानं घेतला की दहा जणांनी, हे शब्दावरून कळतच नाही. मला ही मोठी खोट वाटते. काँग्रेसच्या घटनेत कार्यसमिती आहे, भाजपच्या घटनेत संसदीय मंडळ आहे. श्रेष्ठी नावाचं पद दोन्हीकडं नाही. ठरवलं कुणी हे ठाऊक असेल तर बातमीत त्या समितीचं नावच लिहावं.

आपल्याकडं गावात श्रेष्ठी कुणी म्हणत नाही. 'वर इचारावं लागंल', 'वरूनच आलं नाही' असं म्हणतात. बूथप्रमुखाचं 'वर' तालुक्याला, तालुकाध्यक्षाचं जिल्ह्याला, जिल्हाध्यक्षाचं मुंबईला, प्रदेशाध्यक्षांचं दिल्लीला. शब्द एकच, पण बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावर त्याचा पत्ता बदलतो.

या उतरंडीला कागदावर सही मिळते ती एबी फॉर्ममध्ये. उमेदवाराचं नाव कळवायचा अधिकार कुणाला, हे पक्ष 'ए'मध्ये सांगतो, सहीच्या नमुन्यासकट. 'बी'मध्ये पक्षाचा तो अधिकार मिळालेला माणूस नाव कळवतो. सही शाईचीच लागते. रबरी शिक्का किंवा फॅक्स चालत नाही. विधानसभेला अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत हे कागद पोचवावे लागतात. अडीच वाजता तहसीलच्या आवारात लिंबाखाली उभा असलेला कार्यकर्ता 'आलं का वरून?' म्हणून विचारतो, तेव्हा 'वरून' म्हणजे शाईच्या सहीचा तो एक कागद.