लिव्हरचं निघालं, आता नोकरी सोडू का?

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो आणि विचारणारा बऱ्याचदा मनात राजीनामा लिहूनच आलेला असतो. चाकणला सीएनसी मशीनवर असलेले एक दादा तसेच आले (ओळख पटेल असे तपशील बदललेत), वय ४३, शुगर आधीपासून, फॅटी लिव्हर वाढत वाढत सिरॉसिसपर्यंत (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) गेलेलं. फाईलची पिशवी वहिनींच्या हातात. दारूचा थेंब नाही कधी, पण लिव्हर म्हटलं की लोकांना आधी बाटलीच दिसते, लाइनवर "काय रे, लपून मारत होतास का" सुरू झालेलं, आणि आजारापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं.

मी सोडा पण म्हणत नाही आणि करा पण म्हणत नाही. म्हटलं दादा, आठवडा कसा जातो ते सांगा, कुठल्या वेळी अगदी गळून जाता? म्हणाले, "थर्ड शिफ्टला मॅडम, पहाटे तीननंतर उभंच राहवत नाही." आणि खाता काय? इथे खरी गंमत. आईने काविळीचं पथ्य लावलेलं, तेल बंद, हळद बंद, डाळ-अंडी बंद, दोन महिने ताक-भात आणि उकडलेला दुधी, वर उसाचा रस, तोही शुगर असताना! म्हटलं अहो, यातली निम्मी दमणूक तर उपासमारीची आहे. सिरॉसिसमध्ये लिव्हरला साखरेचा साठा नीट ठेवता येत नाही, मग पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर स्वतःचे स्नायूच वापरायला काढतं, म्हणून प्रोटीन तोडायचं नसतं आणि झोपायच्या आधी थोडं खायचं असतं. डायटिशियनने डाळ, अंडं, पनीर परत आणलं, लोणचं-पापड मात्र गेलं. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणायचे ती पेनकिलर आणि गुळवेलीचा काढा दोन्ही डॉक्टरांनी बंद केलं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवल्यात, पण हे आईंना समजावणं म्हणजे, जाऊ दे.

मग कंपनी. सगळ्या लाइनला फाईल दाखवायची काही गरज नाही. डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेतलं, नाइट शिफ्ट नको, जड उचलणं नको, तेवढंच एचआरला दिलं. महिनाभर टोलवाटोलवी झाली, मग मशीनवरून काढून इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. नाइट अलाउन्स गेला, ते खटकलंच, घराचा हप्ता चालू होता. पण पगार २१ हजारांच्या आत म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) होतं आणि त्यात काय मिळतं हे त्यांना माहीतच नव्हतं. हप्ते नीट भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि सिरॉसिसमध्ये पोटात पाणी झालं तर ते जास्त काळ लाभ मिळणाऱ्या मोठ्या आजारांच्या यादीत बसतं, तिथे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यांना तेव्हा त्यातलं काहीच लागलं नाही, पण वहिनी म्हणाल्या त्या रात्री पहिल्यांदा हे नीट झोपले.

एक गोष्ट मी वहिनींना वेगळी सांगितली. या आजारात कधी कधी डोक्यावर परिणाम होतो, दिवसा पेंग, रात्री जाग, बोलताना गोंधळ, आणि अक्षर बिघडतं. मशीन आणि बाइक दोन्हीला हे धोक्याचं. तर रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दादांची सही घ्यायची, बस. दादा हसले, "बँकेत सुद्धा इतक्या सह्या केल्या नाहीत."

चारेक महिन्यांनी वहिनींनी मोबाइलवर फोटो दाखवला. सगळ्या सह्या सारख्या, एका मंगळवारची मात्र चौकोन सोडून खाली घसरलेली, आडनाव अर्धवट. तीन दिवस पोट साफ झालेलं नव्हतं (या आजारात पोट तुंबलं की डोक्यावरचा परिणाम वाढतो) आणि डॉक्टरांनी पोट साफ राहायला दिलेलं पातळ औषध लग्नाच्या गडबडीत राहून गेलेलं. वहिनींनी बाइकची किल्ली पिठाच्या डब्यात टाकली आणि रिक्षा करून थेट दवाखाना गाठला. पुढच्या सोमवारी ते कामावर गेले, कंपनीच्या बसने. किल्ली अजून पिठातच आहे म्हणे.