ऑप्टोअकॉस्टिक शिकायला घेतेस? आधी एवढं बघ

बाय, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रेडिओलॉजीला लागलीस आणि आता स्तनाच्या सोनोग्राफीसोबत ऑप्टोअकॉस्टिक, म्हणजे प्रकाश नि ध्वनी दोन्ही वापरून गाठ बघायचं तंत्र, पण शिकायचंय म्हणतेस, फार बरं वाटलं, पण आधी साधी काळी-पांढरी सोनोग्राफी पक्की कर, गाठीचा आकार नि कडा तिथेच कळतात, ऑप्टोअकॉस्टिकचे रंग त्याच्यावर चढतात.

तत्त्व असं, लेझरचा क्षणभराचा झोत आत जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून किंचित तापतं, फुगतं, आणि त्यातून उठणाऱ्या ध्वनिलहरी प्रोब (अंगावर टेकवायचा मशीनचा भाग) टिपतो. ७५७ नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जास्त शोषतं, १०६४ चा ऑक्सिजनवालं. म्हणून गाठीत रक्तवाहिन्या किती आणि रक्त कसलं, दोन्हीचा अंदाज येतो.

नवीन लोक चुकतात ते इथे:
- प्रोब दाबतात. दाबलं की बारीक वाहिन्यांतलं रक्तच सरकतं, मग गाठीत रक्त कमी दिसून ती उगाच निरुपद्रवी वाटू शकते. हात हलका म्हणजे हलकाच!
- जेल कमी लावतात, बुडबुडे राहतात.
- तीळ, टॅटू बघत नाहीत, तेही प्रकाश शोषतात.

लेझरचा चष्मा तुला आणि पेशंटला, दोघींना, मशीन सुरू व्हायच्या आधी. यात सूट नाही.

आणि रंग दिसला की लगेच कॅन्सर म्हणू नकोस. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) अशा मशीनला २०२१ मध्ये मंजुरी दिली तीही आधी सापडलेली गाठ तपासायला, स्क्रीनिंगला, म्हणजे तक्रार नसताना करायच्या सरसकट तपासणीला नव्हे. शंका उरली तर बायोप्सीच. काणकोणहून आलेली बाई आधीच घाबरलेली असते, तिला सुरुवातीलाच सांग की स्क्रीनवरचे रंग म्हणजे रक्त. गाठीला गुण द्यायचं स्कोअरिंग वगैरे नंतर बघू, आत्ता त्यात पडू नकोस.