जुन्या कुत्र्यांच्या घरात नवे पिल्लू: आधी त्याचे खरे वय तपासा

घरात नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर आणि पाच वर्षांचा देशी कुत्रा असताना आपण दीड महिन्याचे पिल्लू आणले, आणि आता लॅब्रॅडॉर त्याला जवळ येऊ देत नाही, सारखी गुरगुरते, असे आपण लिहिले आहे. आमच्या घरी अगदी हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी पशुवैद्य नाही. औषधोपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांनाच घेऊ द्यावा.

गुरगुरण्यावरून तिला मुळीच रागावू नका. गुरगुर हा इशारा असतो, आणि तो दाबून टाकलेली कुत्री पुढे इशारा न देताच चावू शकते. तिघांची भांडी वेगवेगळ्या जागी ठेवणे, हे आपण करत असालच.

मला अधिक काळजी वाटते ती त्या ‘दीड महिन्याची’. भारतातील २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. आम्हाला ज्या पैदास केंद्राने पिल्लू दिले, त्याने लसीकरणाच्या पुस्तिकेत वय वाढवून लिहिले होते. लसीच्या बाटलीवरचे स्टिकर मागितले तेव्हा ‘नंतर पाठवतो’ असे उत्तर मिळाले, आणि पुढे फोन उचलणेच बंद झाले. दात पाहून खरे वय आमच्या डॉक्टरांनी सांगितले. इतक्या लवकर लस टोचली, तर आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्येच ती निष्प्रभ करू शकतात; म्हणूनच डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. आमच्या पिल्लाला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला. सलाईनवर ते वाचले, परंतु त्या केंद्राबद्दलचा माझा संताप आजही कमी झालेला नाही.

दुसरे नुकसान उशिरा लक्षात आले. किती जोराने चावावे आणि समोरच्याने ‘पुरे’ म्हटल्यावर कधी थांबावे, हे पिल्लू आई आणि भावंडांसोबत खेळतानाच शिकते. आमचे पिल्लू त्याआधीच आईपासून तोडले गेल्यामुळे मोठ्या कुत्रीने मान वळवली, ओठ उचलले, तरी तिच्या अंगावर उड्या मारत राहिले.

म्हणून माझे ठाम मत असे की निदान दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावे, मोठ्या दोघांचे बूस्टर (लसीचे पुन्हा द्यायचे डोस) झाले आहेत का ते तपासावे, आणि ओळख फक्त जाळीच्या दारातून व एकमेकांचा वास लागलेल्या कापडातून होऊ द्यावी. पार्व्होचा विषाणू फिनेलने मरत नाही. आधी घाण धुऊन मग पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते. पुढे एकत्र सोडाल तेव्हाही पिल्लाच्या पट्ट्याची दोरी हाती ठेवावी, आणि लॅब्रॅडॉरला पिल्लू पोहोचू शकणार नाही अशी जागा द्यावी. तिचे खुबेही एकदा तपासून घ्या; या वयात लॅब्रॅडॉरचे सांधे अनेकदा दुखतात, आणि दुखऱ्या अंगावर पिल्लू चढले की ती गुरगुरणारच.