आर्थिक परिस्थितीमुळे नाती, लग्न आणि मैत्री खरंच बदलते का?

बदलते. पण "पैसा आला की माणूस माणसाला विचारत नाही" हे मला अर्धंच पटतं. अडीनडीला कोण कोणाच्या दारात जातं, तिथे खरी मेख आहे.

शिल्लक असलेला माणूस बँकेत जातो, मूल सांभाळायला बाई ठेवतो. नसलेला बहिणीकडे जातो. हातउसने देणं-घेणं जितकं जास्त, तितकी नात्यांची वीण घट्ट. पण त्याचा काचही तितकाच. मानववंशशास्त्रज्ञ कॅरल स्टॅक यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांवर लिहिलं, त्यात एका जोडप्याला वारशाने १,५०० डॉलर मिळतात. त्यातून घर घ्यायचं ठरतं. पण नातलगांपैकी कोणाचं भाडं थकलेलं, कोणाला अंत्यविधीला जायचंय, आणि काही आठवड्यांत पैसे संपतात. नाही म्हणावं तर उद्या आपल्या अडचणीला कोण येणार? सुखवस्तू घरात भावंडं वर्षभर बोलली नाहीत तरी कोणाचं अडत नाही, म्हणून ती तुटतातही सहज.

लग्नात आता तोलामोलाचं घर कोणी बघत नाही असं म्हणतात. बघावं लागतच नाही, कॉलेज आणि ऑफिसात चाळणी आधीच लागलेली असते. त्यातूनही वेगळ्या परिस्थितीतली दोघं जमली, तर एक दरमहा घरी पैसे पाठवणारा आणि दुसऱ्याला घरूनच पैसे येणारे, अशी जोडी होते. भांडण रकमेवरून क्वचितच होतं. "दर वेळी आपणच का?" इथून ते सुरू होतं.

मैत्रीचं म्हणाल, तर अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ७ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. गरीब-श्रीमंत मैत्री कमी असण्याचं साधारण अर्धं कारण म्हणजे ते एका ठिकाणी येतच नाहीत. उरलेलं अर्धं म्हणजे एकत्र येऊनही जमत नाही. हे दुसरं मी माझ्याच मित्रमंडळात बघतो. सहलीचा बेत ठरतो, एकजण "मला जरा काम आहे" म्हणतो. "परवडत नाही" कोणी म्हणत नाही. दोनतीनदा असं झालं की त्याला विचारणंच बंद होतं, आणि गंमत म्हणजे तो शिष्ट झालाय असं बाकीच्यांना वाटतं.

तुमच्याबाबतीत असं होत असेल आणि ऐपत तुमची जास्त असेल, तर स्वस्तातला बेत तुम्हीच आधी सुचवा. त्याने सुचवला तर त्याला कमीपणा वाटतो.