बंद केल्यावर रॅम खरंच कोरी होते का?

प्रश्न: माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आहे, त्यावर 32 बिटवालं लिनक्स, आणि घरी एक रास्पबेरी पाय. दोन्हीकडे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलीय. मित्र म्हणतो मशीन बंद केलं तरी डिस्क उघडायची की (किल्ली) रॅममध्ये राहते, मी म्हणतो वीज गेली की रॅम कोरी. वडापावची पैज लागलीय. — एक वाचक, सांगली

उत्तर: वडापाव मित्राला द्या. रॅममधले बिट लगेच मरत नाहीत, काही सेकंद तग धरतात, गार केली तर कितीतरी जास्त. 2008 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी धूळ उडवायच्या स्प्रेचा डबा उलटा धरून चिपवर मारला, उणे 50 अंशांपर्यंत गार केली, आणि 10 मिनिटं विजेशिवाय ठेवूनही शंभरात एक बिटसुद्धा बिघडला नाही! पुढे जर्मनीत एर्लांगन विद्यापीठवाल्यांनी तर गॅलेक्सी नेक्सस फोन चक्क फ्रीजरमध्ये ठेवून हेच केलं, म्हणजे एआरएमवाले (फोनमध्ये आणि तुमच्या पायमध्ये असते ती चिप) सुटले असं नाही.

पुसायची जुनी पद्धत अशी की शटडाउनला केएक्झेकने (चालू कर्नलमधून थेट दुसऱ्यात नेणारी सोय) दुसरा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढवायचा आणि एका प्रोग्रॅमने सगळी रॅम शून्यांनी भरायची. पण 32 बिटमध्ये एका प्रोग्रॅमला 4 जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, तुमच्या 8 मधली निम्मी तशीच राहणार. शिवाय काही मशीनवर ती दुसऱ्या कर्नलवरची उडी मध्येच अडकते, स्क्रीन काळी, आता पुसलं की नाही कळायला मार्ग नाही.

मला विचाराल तर ते सोडा. 2019 च्या लिनक्स 5.3 पासून कर्नलला 'इनिट ऑन फ्री' हा पर्याय आहे (लिहायचं असं: init_on_free=1), मेमरी मोकळी झाली की तिथल्या तिथे शून्य. इंटेल असो की एआरएम, तेच. लॅपटॉपवर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये टाका, पायवर कर्नलचे पर्याय असतात त्या सीएमडीलाइन (cmdline.txt) फाइलमध्ये, पण तिथे त्याच एका ओळीत हं, एंटर मारलात तर पुढचं वाचलं जाणार नाही. मशीन थोडं मंदावतं, चालायचंच.

गोम एकच, जी जागा कुणी सोडलीच नाही ती पुसली जात नाही, आणि रूट डिस्क (जिच्यावर सगळी सिस्टीम असते ती) शेवटपर्यंत उघडी असते म्हणून तिची की बऱ्याचदा राहून जाते. तेव्हा बंद केल्यावर दोन-चार मिनिटं मशीन नजरेआड करू नका. आणि नुसतं झाकण मिटून बॅगेत टाकत असाल तर ते स्लीप, रॅमला वीज चालूच, तिथे वरचं काहीच लागू नाही.