अमेरिकन फुटबॉलमधला (एनएफएल) मेन रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा प्लेअर, फिट आहे, तरी त्याच्या बॅकअपला फँटसी टीमच्या (खऱ्या प्लेअर्सच्या खेळावर पॉइंट्स मिळतात ती आपली टीम) बेंचवर ठेवायचं का?

ठेवायचं, पण सगळ्याच बॅकअपना नाही. मी आधी एकच बघतो, मेन प्लेअर बाहेर गेला तर त्याचं सगळं काम या एकालाच मिळणार का दोघातिघांत वाटलं जाणार, वाटलं जाणार असेल तर कितीही भारी पोरगा असू दे, सोडून द्या. २०२४ च्या पहिल्याच मॅचला फोर्टीनाइनर्स टीमचा मेन रनिंग बॅक मॅकॅफ्री दुखापतीमुळे बाहेर बसला आणि त्याचा बॅकअप जॉर्डन मेसनला जेट्सविरुद्ध तब्बल २८ कॅरीज (बॉल घेऊन धावण्याच्या संधी) मिळाल्या, १४७ यार्ड्स आणि एक टचडाउन (बॉल गोल लाइनपार नेणं), म्हणजे नुसत्या धावण्यावर २० च्या वर फँटसी पॉइंट्स! त्यात टीमचा पण मोठा हात असतो, रन गेम चांगला असलेल्या टीमचा बॅकअप केव्हाही बरा.

टोटल यार्ड्स बघून फसू नका, मॅच हातात आल्यावर शेवटी मिळालेल्या कॅरीजनी आकडे फुगतात. थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) आणि गोल लाइनजवळ कोण मैदानात असतं ते बघा, पीपीआर लीग (पकडलेल्या प्रत्येक पासला पॉइंट देणारी) असेल तर पास पकडतो का तेही.

आणि बातम्यांवर लक्ष हवंच. २०१८ ला रॅम्स टीमचा मेन रनिंग बॅक गर्लीचा गुडघा दुखावला तेव्हा टीमने डिसेंबरात बाहेरून सी. जे. अँडरसनला आणलं आणि त्याने कार्डिनल्सविरुद्ध १६७ यार्ड्स काढले, आधीपासूनचा बॅकअप धरून बसलेले तसेच राहिले. त्यामुळे टीमने नवीन रनिंग बॅक साइन केला की लगेच परत विचार करा.

सीझनच्या सुरुवातीला मी तरी दुसऱ्याच्या फँटसी टीममधल्या स्टारचा बॅकअप घेईन, स्वतःच्या स्टारचा प्लेऑफ्स जवळ आल्यावर.