तोंडी होकारावर प्रबंधाचं काम सुरू करू नका

तुम्ही लिहिलंय की एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एआरटी सेंटरमधल्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातल्या, क्षयरोगही झालेल्या रुग्णांवर प्रबंध करायचाय, एथिक्स कमिटीचं पत्र मिळालंय आणि परवानगी देणाऱ्या वरच्या कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, "करा सुरू, पत्र निघेल." वाचून पोटात खड्डा पडला. हेच वाक्य मला ऐकवलं होतं.

मी सुरू केलं. ओपीडी संपली की व्हाइट कार्डं (सेंटरमधली रुग्णांच्या उपचार नोंदीची कार्डं) समोर घेऊन सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा), वजन, औषध बदलल्याची तारीख वहीत उतरवायचे. अकरा महिने. मग साहेबांची बदली झाली. नवे म्हणाले, आतापर्यंतचं काम अर्जासोबत जोडा. मी वहीच नेऊन दिली, आणि वहीत रुग्णांची नावं होती. तिथल्या कारकुनाने पान उलटलं आणि माझ्यादेखत म्हणाला, "अरे, ही तर आमच्या गावची!" महिन्याभरात त्या बाईंनी आपली नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरला हलवून घेतली. का, ते मी विचारू शकले नाही. अर्ज दोनदा परत आला, विषय बदलावा लागला, परीक्षा सहा महिने पुढे गेली. ते सगळं भरून निघालं. त्या बाईंचं नाही.

तेव्हा कायदा नव्हता. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि रुग्णाची ओळख जपणं बंधनकारक आहे. पण कायद्यासाठी नको, माणसासाठी जपा. वहीत फक्त अनुक्रमांक. नावांशी जुळवणारी यादी गाइडच्या कुलपात. लेखी पत्र हातात येईपर्यंत एकही कार्ड उघडू नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्याच, नाहीतर "आलाच नाही" म्हणतात. (मी नियमांची तज्ज्ञ नाही, तुमच्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असू शकते.) औषधोपचाराची चाचणी करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करा; १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली चालत नाही.

विषयाबद्दल एक सांगते. २०१७ च्या आधी बहुतेकांना सीडी-४ ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत एचआयव्हीचं औषध सुरू होत नसे. ते जुने रुग्ण आणि आताचे एकाच तक्त्यात घालू नका. आणि रिफाम्पिसिन (क्षयरोगाचं औषध) चालू असताना डोल्युटेग्राविरचा (एचआयव्हीचं औषध; रिफाम्पिसिनमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं) ५० मिलिग्रॅमचा जादा डोस बारा तासांनी मिळत होता का, हा रकाना आधीच आखून ठेवा. नाहीतर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) का वाढला ते सांगता येणार नाही.